लिव्हिनाची मान

जुलै महिन्यात, उकळत्या चरबीच्या दोन कढयांसमोर उभं राहून गळ्याला रुमाल गुंडाळणारी बाई अख्ख्या गेंट शहरात एकच होती. लिव्हिना स्टॉकमन. आमच्या चौकात, चर्चच्या मागच्या भिंतीला टेकून तिची बटाटे तळायची टपरी होती. बटाटे गाईच्या चरबीत दोनदा तळायचे, एकदा हलके, एकदा कडक, आणि गिऱ्हाइकाला तोंडाने तळायचं, ही तिची रीत. कोणी "जरा कमी तेलकट द्या हो" म्हणालं, की ती खिडकीतून डोकं बाहेर काढायची. "दवाखाना पलीकडच्या रस्त्याला आहे. इथे बटाटे मिळतात." तरी तिची रांग कधी हटली नाही. लोक शिव्या खायलाच येतात, असं तिची आई झुल्मा म्हणायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

रुमालाबद्दल आमच्या गल्लीत नाना अफवा होत्या. कोणी म्हणे चरबी उडून मान भाजली, कोणी म्हणे नवरा बोटीवर पळाला तेव्हा हिने फास लावून घेतला होता. नवरा पळाला हे खरं, पण लिव्हिना फास लावून घेणाऱ्यातली नव्हे. फार तर त्याला लावला असता. खरी गोष्ट एवढीच, की तिच्या दोन्ही कानांखाली उकडलेल्या बटाट्याएवढाल्या गाठी होत्या. पाचव्या वर्षापासून. त्या वेळच्या डॉक्टरांनी कॅन्सर म्हणून सांगितलं, मानेला किरणांचा शेक दिला, आणि पोर वर्ष काढणार नाही असं झुल्माला बजावलं. पोरीने वर्ष काढलं, मग दुसरं काढलं, मग शाळेत गेली. गाठी थोड्या बसल्या, पुन्हा आल्या. शाळेत पोरं तिला बेडकी म्हणू लागली. झुल्माने शिवणाच्या पेटीतून एक रुमाल काढला आणि लेकीच्या गळ्याला आवळला. "मान झाकायची. कोणी विचारलं तर घसा धरलाय म्हणायचं."

झुल्माला हे नवीन नव्हतं. तिचा नवरा ओडिलॉन सूतगिरणीत होता, त्याचीही मान तशीच. तो बारा महिने मफलर लावून गिरणीत जायचा. पुढे त्याच्या पोटातली पाणथरी, म्हणजे प्लीहा, एवढी फुगली की पट्टा लागेना, म्हणून ती कापून काढली. त्यानंतरच्या हिवाळ्यात त्याला सकाळी हुडहुडी भरली आणि संध्याकाळपर्यंत माणूस संपला. या घराच्या रक्तातच काहीतरी नासकं आहे, ते चारचौघांत दाखवायचं नाही, एवढं झुल्माने मनाशी पक्कं केलं आणि लेकीच्याही मनावर ठसवलं.

मग लिव्हिनाच्या लेकीला, नेलेला, सातव्या वर्षी गाठी आल्या.

इस्पितळात प्रोफेसर मोर्टियर नावाचे गृहस्थ होते. माणूस वाईट नव्हता, तेच तर अवघड होतं. त्यांनी नेलेला चॉकलेट दिलं, मानेतली एक गाठ काढून तपासली आणि लिव्हिनाला समोर बसवून हळू आवाजात सांगितलं, की लक्षणं लसिकाग्रंथींच्या कॅन्सरची दिसताहेत, केमो लगेच सुरू करायला हवी.

"नाही," लिव्हिना म्हणाली.

"घरात आणखी कोणाला असं काही होतं?"

"कोणाला नाही."

"मग नाही कशासाठी म्हणता? काही कारण?"

"कारणबिरण नाही. नाही म्हणजे नाही. पोर खेळते, खाते, मला उलट उत्तरं देते. मरणारी पोरं अशी नसतात."

कारण होतं, आणि ते तिच्या रुमालाखालीच होतं. बापाला हेच होतं, आपल्याला हेच आहे, आणि गाठींनी दोघांनाही मारलं नाही, हे तिला आतून ठाऊक होतं. पण तोंडातून काढलं तर हे लोक म्हणणार, बघा, घराण्यातच कॅन्सर आहे, आणि पोरीला आणखी दामटतील. म्हणून ती खोटं बोलली. भीतीने माणूस जेवढं खोटं बोलतो तेवढं लोभानेही बोलत नसेल.

प्रोफेसरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "या महिन्यातला गावाचा उत्सव संपेपर्यंत मी थांबतो. त्यानंतर मात्र तुम्ही नाही म्हणालात तर मला बालन्यायाधीशांकडे जावं लागेल. मुलीच्या जिवाचा प्रश्न आहे."

"माझ्या मुलीच्या," लिव्हिना म्हणाली आणि नेलेचा हात धरून निघाली.

आता तिच्या गिऱ्हाइकांत वान्नेस नावाचा एक उंच, वाकलेला, तिशीतला माणूस होता. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पेशी कशा मरतात याचा अभ्यास करायचा. आमच्या गेंटमध्ये हा धंदा बऱ्याच जणांचा आहे, कोणाला त्यात नवल वाटत नाही. रोज संध्याकाळी तो मांसाचा दाट रस्सा घातलेले बटाटे खायला यायचा आणि लिव्हिना त्याला मारेकरी म्हणायची.

"काय रे मारेकऱ्या, आज किती मारल्या?"

"मी कुठे मारतो, मॅडम? मी नुसती बेल वाजवतो. त्या आपणहून मरतात."

एरवी ती हसून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली असती. त्या दिवशी वळली नाही. "ही बेल काय भानगड आहे?"

वान्नेसला असं कोणी विचारत नसे. तो खुलला. "ताप आला की अंगात पांढऱ्या पेशींची फौज वाढते. बरोबर? ताप उतरला की एवढी फौज पोसायची कुठे? म्हणून प्रत्येकीच्या अंगावर बाहेरून एक बटण असतं. दारावरच्या घंटीचं असतं ना, तसं. दुसरी पेशी येते आणि ते दाबते. झालं तुझं काम, आटप आता. की ही गुपचूप आवरतं घेते. ना आरडाओरडा, ना घाण."

"आणि बटण बिघडलेलं असलं तर?"

"तर आपल्या उत्सवासारखं. बँडवाले गेले, झाडूवाले आले, तरी मंडळी बिअरचे पेले धरून रस्त्यातच. उठायचं नाव नाही. मग गाठी सुजतात, पाणथरी फुगते. आत्ता आत्ता काही पोरांमध्ये असं सापडलंय. मान ही एवढी."

लिव्हिनाच्या हातातला झारा कढईवर तसाच राहिला. "आणि तो कॅन्सर नसतो?"

"नसतो. पण काचेखाली बघणाऱ्याला वाटू शकतो. बटाटे करपताहेत, मॅडम."

"करपू देत. माझ्या नेलेचं रक्त घे."

"मी माणसांचा डॉक्टर नाही हो."

"मग माणसांचे बटाटेही खाऊ नकोस."

रक्त घेतलं. प्रोफेसर मोर्टियरांनी खांदे उडवून परवानगी दिली, वेळ मात्र वाढवून दिली नाही. उत्सव तोंडावर, प्रयोगशाळा अर्धी रिकामी, आणि ते बटण दाबायला वान्नेस जे औषध वापरायचा ते कुपीच्या तळाला उरलेलं. वान्नेस म्हणाला, तुलनेला एका धडधाकट माणसाचं रक्त हवं, तुम्ही समोरच आहात, तुमचंच घेतो. "तुम्हाला कसला आजार वगैरे?"

लिव्हिनाचा हात रुमालाकडे गेला आणि परत आला. "मला काय धाड भरलीय?"

वान्नेसने दोघींच्या पेशी काही दिवस वाढवल्या, चिथावल्या, मग त्यांच्यावर औषध सोडलं. उत्सव सुरू होऊन चौकात बिअरची पिंपं लागली होती, त्या गर्दीतून तो पडलेल्या चेहऱ्याने टपरीपाशी आला.

"फुकट गेलं, मॅडम. औषधच खराब निघालं."

"म्हणजे?"

"नेलेच्या पेशी मेल्या नाहीत. पण तुमच्याही मेल्या नाहीत. तुमच्या मरायलाच हव्या होत्या. धडधाकट माणसाच्या जिवंत राहिल्या म्हणजे दोष औषधात. जर्मनीहून नवं यायला महिना जाईल."

इथे लिव्हिनाच्या डोक्यात लख्ख उजेड पडायला हवा होता. पण तिला ऐकू आलं ते वेगळंच. तिला वाटलं, सापडलो आपण. आपल्या रक्तातला कॅन्सर पोरीत उतरलाय, आणि हा भला माणूस ते गोड करून सांगतोय. तिने रुमालाची गाठ आणखी आवळली. "जाऊ दे," म्हणाली. वान्नेसकडून तिने त्या दिवशी पैसे घेतले नाहीत, तेव्हाच कोणीतरी ओळखायला हवं होतं की बाई खचली आहे.

उत्सवातल्या शुक्रवारी फासाची मिरवणूक असते. साडेचारशे वर्षांपूर्वी आमच्या माणसांनी सम्राटाला कर नाकारला, तेव्हा त्याने गावातल्या मानकऱ्यांना अनवाणी, अंगात पांढरा सदरा आणि गळ्यात फास अशा थाटात माफी मागायला लावली. आम्ही माफी मागितली आणि फास ठेवून घेतला. अजून दरवर्षी तसेच निघतो, पण मान वर करून. आमच्या गल्लीतली माणसंही दोरखंडाचे फास घालून मागे मागे जातात. लिव्हिना कधी गेली नव्हती. फास उघड्या गळ्यात घालायचा असतो. "मी गेले तर तुम्हाला तळून कोण घालणार?" असं ती म्हणायची आणि खिडकीतून बघत राहायची.

त्या शुक्रवारी टपरीपुढे ही रांग. झुल्मा आत स्टुलावर बसून कागदाचे शंकू वळत होती. नेले बाहेर पोरांत होती, ती मध्येच आत आली आणि आईच्या ॲप्रनला धरून उभी राहिली.

"काय गं? फास घालून जाणार होतीस ना?"

"नाही जात."

"का?"

"मला तुझ्यासारखा रुमाल दे."

"कशाला?"

"बेडकी म्हणतात." नेले रडत नव्हती. अगदी समंजसपणे सांगत होती. "तू कसं झाकतेस, तसं मला शिकव."

झुल्माने हातातला शंकू ठेवला. "देते हं राजा. माझ्या पेटीत निळा आहे, तो तुला—"

"आई, हात लावू नकोस तिला!" लिव्हिना एवढ्या जोरात ओरडली की रांगेतला आवाज बंद झाला. तिला एकाएकी स्वतःचं सगळं आयुष्य दिसलं, तापलेल्या कढयांपुढे गुदमरत काढलेले ते सगळे उन्हाळे, आणि तेच आता पोरीच्या वाट्याला घडी घालून ठेवलेलं. तिला संताप आला. आईचा आला, शाळेचा आला, प्रोफेसरांचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. तिने रुमालाची गाठ ओढली. सुटेना, तर दातओठ खाऊन फाडली, आणि रुमाल कचऱ्याच्या डब्यात बटाट्याच्या सालांवर फेकला.

"लिव्हिना!" झुल्मा कुजबुजली. "लोक बघताहेत."

"बघू देत. तिकीट लावलेलं नाही." ती खिडकीतून अर्धी बाहेर वाकली. "बघा रे! नीट बघा! ही बेडकी तुम्हाला वीस वर्षं तळून घालतेय, कोणाला विष बाधलं का? मला एक फास द्या. आणि हिला एक."

कोणीतरी दोर पुढे केले. रांगेत कोणी हसलं नाही. फक्त टपरीपाशी खात उभ्या असलेल्या वान्नेसच्या हातातले बटाटे रश्शासकट त्याच्या बुटांवर पडले.

"मॅडम," तो म्हणाला. "हे... हे केव्हापासून?"

"पाच वर्षांची होते तेव्हापासून. का, तुझ्या बापाची मान आहे?"

"तुम्ही म्हणालात, मला काही नाही!"

"नाहीच काही. जिवंत आहे ना!"

"अहो, काही नाही काय! मी तुम्हाला धडधाकट धरलं! तुम्हाला धरून मी औषध खराब ठरवलं!" तो डोक्याला हात लावून जागच्या जागी फिरला. "औषध चांगलं आहे. औषध अजून फ्रीजमध्ये आहे. फेकलं नाही मी. देवा, आळसाने फेकलं नाही."

तो रांगेतून धावत सुटला, रश्शाचे बूट फचफच वाजवत. लिव्हिनाला अर्धंच कळलं होतं. तिने टपरीची खिडकी ओढून घेतली, फास गळ्यात घातला, चपला काढल्या आणि नेलेचा हात धरून मिरवणुकीच्या मागे निघाली. दोर गाठींना घासत होता. दुखत होतं. तरी तिने मान खाली घातली नाही.

या वेळी वान्नेसने तुलनेला स्वतःचं रक्त काढलं. नंतरच्या आठवड्यात त्याने लिव्हिनाला प्रयोगशाळेत बोलावून सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. पहिली काच त्याची. "या माझ्या. बघा, कशा फुटून चुरा झाल्यात. बेल वाजली, गेल्या." दुसरी काच नेलेची, तिसरी तिची. दोन्हींत गोल, चकचकीत ठिपके शेजारी शेजारी बसलेले होते.

"या काय करताहेत?"

"काही नाही. बसल्यात. ही बटणं तीन-तीन मिळून काम करतात. तिन्हींतलं एक जरी खोटं निघालं तरी निरोप आत पोचत नाही. तुमच्यात खोटं मिसळतं, वडिलांकडून आलं असणार. मर म्हणून सांगितलंय त्यांना. ऐकत नाहीत."

"गेंटच्या आहेत," लिव्हिना म्हणाली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावूनच रडली. खूप वेळ रडली. वान्नेस भिंतीकडे बघत उभा राहिला.

"हे चांगलं नाही हं, मॅडम," तो शेवटी म्हणाला. "कॅन्सर नाही एवढंच. पण न मरणाऱ्या पेशी घरात बसल्या की घरच्यांवरच हात टाकतात. नेलेचं रक्त कधी एकदम कमी होईल, तेव्हा औषधं लागतील. आणि पुढेमागे खरा कॅन्सर होण्याची भीती तुम्हा दोघींना इतरांपेक्षा जास्त. तपासणीला जन्मभर जावं लागेल."

"जाऊ. उघड्या मानेने जाऊ."

प्रोफेसर मोर्टियरांनी दोन्ही मानांना हात लावून पाहिला, नेलेची काढलेली गाठ नव्याने दुसऱ्याकडून तपासून घेतली आणि मग केमो रद्द केली. न्यायाधीशांचं नाव पुन्हा निघालं नाही. "पाणथरी मात्र कोणाला काढू देऊ नका," ते म्हणाले. "फुगली तरी. या आजारात ती काढली की साधा जंतूही दिवसभरात माणूस नेतो."

लिव्हिना उठायला निघाली होती ती परत बसली. "माझ्या बापाची काढली होती."

प्रोफेसरांनी नेलेची फाइल मिटली.

"आणि मला लहानपणी शेक दिला. तो कशासाठी?"

"त्या काळी कोणालाच माहीत नव्हतं, मॅडम."

"हो, पण तुम्ही सगळे माहीत असल्यासारखे बोलत होतात," ती म्हणाली. "आणि मी काही नसल्यासारखी बोलत होते. तुम्ही मला विचारलं होतंत. खोटं मी बोलले. ते तुमच्या माथी मारत नाही." मग तिने नेलेला कोट घातला आणि दार जरा जोरातच लावलं.

झुल्माला तिने सगळं सांगितलं, बापाच्या पाणथरीचं सोडून. त्या वर्षी नेले दोनदा इस्पितळात राहिली, पांढरीफटक पडली, पुन्हा उभी राहिली. टपरीत लिव्हिना उघड्या मानेने तळत होती. एका परगावच्या बाईने "हे लागण होण्यासारखं आहे का?" असं विचारलं. "लागण झाली तर तुम्ही मरणार नाही," लिव्हिना म्हणाली. रांग आठवडाभर त्यावर हसत होती.

पुढच्या वर्षी फासाच्या शुक्रवारी माय-लेकी चपला काढून तयार झाल्या. झुल्मा स्टुलावर शंकू वळत होती. तिचे हात थांबले.

"लिव्हिना, त्यांचंही हेच होतं का गं? ओडिलॉनचं?"

"हेच होतं."

"मग ते कापायला नको होतं."

लिव्हिनाने कढईखालची आच बंद केली. खोटं बोलायची सवय तिने वर्षभर मोडत आणली होती. "नको होतं, आई."

झुल्माने वळलेले शंकू एकात एक सारून बाजूला ठेवले. बाहेर ढोल सुरू झाले होते. मग ती वाकली, एकेक करून बूट काढले, जाड मोजे काढले, ते नीट बुटात खोचले.

"मला एक फास दे."

"तुझ्या मानेला काय झालंय?"

"मानेला काही नाही. सही मी केली होती. ते नको म्हणत होते, त्या ऑपरेशनला. मीच भरीला घातलं."

"आई, आपण माफी मागायला चालत नाही. कोणी मागत नाही आता."

"तुम्ही नका मागू," झुल्मा म्हणाली. "माझं मी बघते."

खिळ्यावर एक जास्तीचा दोर होता. नेलेने तो काढला, स्टुलावर चढून आजीच्या गळ्यात घातला आणि गाठ छातीवर नीट सारखी केली. "घट्ट होतोय का, आजी?" तिने विचारलं. झुल्माने नाही म्हणून मान हलवली. लिव्हिनाने खिडकी ओढून घेतली, आणि तिघी गरम दगडांवर अनवाणी पाय ठेवत मिरवणुकीच्या मागे निघाल्या.